बाविसावा पिंजरा

मार्गशीर्ष अमावास्या. सकाळी धुके होते. दुपारी उत्तरेचा वारा सुटला आणि दिवस मावळला तरी पडला नाही.

खाडीकाठच्या एका गावात जोमा नावाचा एक कोळी राहत असे. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, धरून तो पोट भरी. चिंबोऱ्या टिकाव्यात म्हणून त्या गावाने तीन नियम केले होते. आषाढ लागला की नारळी पौर्णिमेपर्यंत एकही पिंजरा पाण्यात सोडायचा नाही. अंड्यांवर आलेली मादी सापडली तर तिथल्या तिथे परत सोडायची. आणि पिंजऱ्याचे दार सुतळीनेच बांधायचे, नायलॉनने नाही. वाऱ्यापाण्यात पिंजरा हरवला तर सुतळी वीस-बावीस दिवसांत कुजते, दार उघडते आणि आतली चिंबोरी आपल्या वाटेने जाते. नायलॉन कुजत नाही. आत एक चिंबोरी मरते, तिच्या वासाने दुसरी शिरते, तीही मरते. असा पिंजरा वर्षानुवर्षे मारत राहतो.

सगळ्यांचे पिंजरे तपासायचे काम गावाने जोमावर सोपवले होते. जोमाचे पिंजरे तपासायला मात्र कोणी नव्हते.

आदल्या वर्षी त्याला पदाजी नावाच्या तरुणाच्या पिंजऱ्यावर नायलॉनची गाठ सापडली होती. पदाजीला त्या हंगामाचे उरलेले दिवस आणि पुढचा सबंध हंगाम घरी बसावे लागले. तेव्हापासून धक्क्यावर जोमा आला की बोलणारे गप्प होत. घरीही बोलायला कोणी नव्हते. त्याची बायको चांगुणा दोन वर्षांपूर्वी गेली होती. ती होती तोवर सुतळी तीच वळून देई.

त्या अमावास्येला जोमाने बावीस पिंजरे भरतीच्या आधी सोडायला काढले. एकवीस दारे बांधून झाली आणि सुतळी संपली. वीतभर सुतळी हवी होती. पण ती मागायला कोणाच्या दारात उभे राहायचे, हे त्याला सुचेना. शेवटी त्याने जुन्या जाळ्यातला नायलॉनचा दोरा घेतला आणि बाविसावे दार बांधले. उद्या ही गाठ सोडून सुतळी बांधू, असे तो मनाशी म्हणाला.

सकाळी पाण्यावर पिंजऱ्यांच्या खुणेचे एकवीस बोये तरंगत होते. बाविसाव्याचा दोर वाऱ्याने तुटला होता.

हे कोणालाच ठाऊक नव्हते. जोमाला ठाऊक होते. तो रोज ओहोटीला होडी काढी आणि दोराला लोखंडी आकडा बांधून खाडीचा तळ चाचपी. विसाव्या दिवशी त्याच्या मनात आले, सुतळी असती तर एव्हाना दार उघडले असते. त्या दिवशी तो दोन तास जास्त फिरला.

"काय जोमाकाका," पदाजी धक्क्यावरून ओरडला, "खाडी नांगरायला काढलीस काय? पीक कसलं घेणार?"

बाकीचे हसले. महिन्याभरात जोमाला उद्देशून कोणी बोललेले ते पहिलेच वाक्य होते. जोमाने आकडा पुन्हा पाण्यात सोडला.

माघ अमावास्येला पाणी फार खाली गेले. तिवरांच्या मुळांशी, चिखलात अर्धा रुतलेला पिंजरा उघडा पडला. गाठ जशीच्या तशी होती. आत नऊ चिंबोऱ्यांची रिकामी कवचे होती आणि दोन चिंबोऱ्या जिवंत होत्या. त्यातल्या एकीच्या पोटाखाली अंड्यांचा गोळा होता. जोमाने गाठ न सोडता बाजूची जाळी कापली आणि दोघींना पाण्यात सोडले. पिंजरा पाण्यात ढकलून दिला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो बराच वेळ चिखलात उभा राहिला. मग त्याने पिंजरा होडीत घेतला.

दुपारी धक्क्यावर गावकी जमली. म्होरक्या असलेल्या म्हाताऱ्या नाखव्याने पिंजरा फिरवून पाहिला.

"यावर नाव आहे?"

"नाही."

"बोया?"

"वाहून गेला."

"मग झालं तर. बाहेरच्या कुणाचा तरी वाहत आला म्हणू. अरे, तपासणाराच चुकला असं उठलं, तर उद्यापासून सुतळी बांधायला कोण तयार होईल?"

"आज हा बाहेरच्याचा म्हटला, नाखवा, तर उद्या सगळेच पिंजरे बाहेरच्यांचे होतील," जोमा म्हणाला. "गाठ माझी आहे."

पदाजी पुढे आला. त्याने गाठीवर बोट ठेवले.

"कुणी पाहिलं नव्हतं, काका. मग सांगितलंस कशाला?"

"तुझी गाठ मी पाहिली होती. माझी पाहायला कोण होतं?"

या वेळी कोणी हसले नाही. नाखव्याने पदाजीला लावला होता तोच नियम लावला. चालू हंगामाचे उरलेले दिवस आणि पुढचा सबंध हंगाम जोमाने पिंजरा सोडायचा नाही. तपासणीचे काम पदाजीकडे गेले. जोमाने मान हलवली आणि एकटाच घरी गेला.

त्या काळात जोमा खडकावरची कालवे फोडून पोट भरत असे. त्याचे बावीस पिंजरे परसात पालथे पडून होते; बाविसाव्याच्या दारावरही आता सुतळी होती. नारळी पौर्णिमेनंतर पदाजीने गावातले सगळे पिंजरे तपासले. जोमाच्या परसातलेही त्याने एकेक करून उलटून पाहिले. एकूण एकशे त्रेचाळीस भरले. नायलॉनची गाठ एकावरही निघाली नाही.

तात्पर्य: ज्याला तपासणारा कोणी नाही, त्याने स्वतःला सगळ्यांत आधी तपासावे, आणि जो नियम दुसऱ्याला लावला, तो स्वतःला लावताना सैल करू नये.