पहाऱ्याचा खर्च

सोनगिरी संस्थानात दरसाल घरटी एक रुपया गोळा होई आणि त्यावर मोफत दवाखाना चाले. यंदा अंदाजपत्रकाचा दरबार भरला, तेव्हा दिवाण त्रिंबकराव गरजले, "धडधाकट माणसानं का भरावं? जो आजारी पडेल त्याच्याकडूनच घ्या!"

दवाखान्यातली सुईण सगुणाबाई उठली. गप्प राहिली असती तर दवाखानाच बुडाला असता.

"खरं आहे, दिवाणसाहेब. मग रात्रीच्या पहाऱ्याचा खर्चही ज्याच्या घरी चोरी होईल त्याच्याकडूनच घ्या."

दिवाण खदखदून हसले. "खुळी की काय! चोरी झाल्यावर त्याच्याकडे द्यायला उरेल काय?"

"आणि दुखणं घर धुऊन गेल्यावर काय उरतं, साहेब?"

महाराजांना हसू आवरेना. "दिवाणजी, उत्तर तुम्हीच दिलंत. घरटी रुपया कायम!"