एतिएनची कुदळ

दक्षिण फ्रान्समधल्या त्या डोंगरी गावात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नसत. पण सगळ्यांच्या कबरी खणायचा प्रोटेस्टंट एतिएनच. तो गेला, तेव्हा त्याची बायको सुझान शवपेटी घेऊन दफनभूमीच्या दाराशी आली. कॅथलिक पाद्र्याने वाट अडवली.

"पाखंड्याच्या अंगाने ही पवित्र माती बाटेल!"

"ती केव्हाच बाटलीय, फादर," सुझान डोळे पुसत म्हणाली. "इथली प्रत्येक कबर याच्याच हातांनी खणलीय, तुमच्या आईचीसुद्धा. आधी तिला कुठे हलवायचं, तेवढं सांगा."

पाद्री बाजूला झाला. दार उघडलं खरं, पण आता कबर खणणार कोण?

सुझानने नवऱ्याची कुदळ उचलली. दांडा त्याच्या मुठीने झिजला होता. तिने नेमका तिथेच धरला.