राजा झालेले डोमामास्तर

फार वर्षांपूर्वी, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरे आणि मंडईला नाटक व्हायचंच, तेव्हाची ही गोष्ट. पळसटोल्यात डोमाजी नावाचे नट राहत. ते राजा होऊन आले की पुढं बसलेली माणसं नकळत उठून उभी राहत. गुराखी असो, न्हावी असो, येईल त्याला ते मोहाच्या झाडाखाली नाटक शिकवत. कुणी चुकलं की त्यांना राहवत नसे. भरल्या ताटावरून उठून स्वतः करून दाखवत. म्हणून ते मास्तर.

एका वर्षी मंडईच्या दुपारी मास्तर मुकुट घालून बसले होते, आणि वरच्या तलावाची पाळ फुटली. माणसं सैरावैरा धावू लागली. कुणाला वाट सुचेना. मास्तर मंचावर चढले आणि राजाच्या आवाजात गरजले, "प्रजाजनहो, टेकडीकडं चला!" सगळा बाजार वळला. गुरंही वळली. शेवटची म्हातारी वर पोचेपर्यंत पाणी मंचाच्या पायरीशी थांबून राहिलं, असं म्हणतात.

पाणी ओसरलं, पण राजा काही उतरला नाही.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "राणी, हे कुणाचं राज्य?" पार्बताबाई आधी हसली, मग घाबरली. तिनं मुकुट काढला, रंग धुतला, तरी ते तसेच. कुणी म्हणे, "मास्तर येडे झाले." कुणी म्हणे, "मास्तर पान्यात गेले, राजा तेवढा परतला." तिला काही उमगेना. चेहरा तर ओळखीचा, मग आतला माणूस कोण? त्याला भात वाढावा की मुजरा करावा?

शेवटी एका सकाळी ती त्यांचं धोतर गुंडाळून समोर आली. "मास्तर, मले नाटक शिकवा जी. मले डोमाजी व्हायचं हाय."

ती ऐटीत बसली. "अंहं," ते म्हणाले, "डोमाजी असा बसत नाही." तिनं आवाज जाड केला. "अंहं, असा बोलतही नाही." मग त्यांना राहवेना. ते उठले, भिंतीला पाठ टेकून उकिडवे बसले आणि म्हणाले, "पार्बते, भात झाला का?"

त्यानंतर त्यांनी तिला कधी राणी म्हटलं नाही.

नवरा परतला, की राजाच डोमाजीची भूमिका करत होता? तिनं विचारलं नाही. विचारलं आणि सोंग मोडलं तर? ते गेले तेव्हा रडायचं कुणासाठी, हेही तिला कळेना. ती दोघांसाठी रडली, असं म्हणतात.

पळसटोल्यात आजही मंडईच्या नाटकाआधी, रंग लावण्यापूर्वी, घरची बाई मंचावर येते आणि नटाला विचारते, "तुमी कोन जी?" तो आपलं नाव सांगतो. बाई जरा वेळ त्याच्याकडं बघत राहते. मगच आरसा त्याच्या हाती देते.