अळणी पाण्याची तक्रार

एका गावात एक भोळा माणूस होता, अशी सुरुवात करायची पद्धत आहे म्हणून करतो. गाव आमचंच, खाजणवाडी. भोळ्याचं नाव धाकू. बाकीचे आम्ही शहाणे. ते पुढे येईलच.

आमच्या विहिरी मचूळ झाल्या. बायका होडीत हंडे घालून खाडीपलीकडच्या बुरुमवाडीतून पाणी आणायच्या. मग एक यंत्र आलं. समुद्राचं पाणी ओढायचं, वाळूतून गाळायचं आणि पांढऱ्या नळकांड्यांत कोंबून जोरात दाबायचं. आत पातळ पापुद्रे असतात. पाणी त्यातून पार होतं, मीठ मागे राहतं. एका पायपातून गोडं पाणी टाकीत. दुसऱ्यातून उरलेलं जास्तच खारं पाणी, ते परत समुद्रात. मला एवढंच समजलं आणि एवढ्यावर मी गावाला महिनाभर शिकवत होतो.

यंत्र तात्पुरतं होतं. मोठे साहेब येऊन पाणी चाखणार. पाणी चांगलं आणि गाव खूश, तर यंत्र इथेच. नाहीतर बुरुमवाडीला, त्यांच्याही विहिरी आटत चालल्या होत्या. बायकांनी बजावलं, यंत्र गेलं तर होडी तुम्ही वल्हवायची.

यंत्रावर बसायला माणूस हवा होता. शर्वरीबाई म्हणून एक तरुण इंजिनेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, सांगितलेलं ऐकणारा द्या. गावात तसा एकच होता. बाकी आम्ही सगळे सांगणारे.

पहिल्या दिवशी बाईंनी शिकवलं, "धाकू, वाळूतून गाळल्याशिवाय पुढे काही सोडायचं नाही."

धाकू बरं म्हणाला. दुपारी त्याच्या आईने बाईंच्या चहाला तांब्याभर दूध पाठवलं. बाईंपुढे काळा चहा आला.

"दूध कुठाय रे?"

"वाळूत आहे," धाकू म्हणाला. "अजून पुढे आलं नाही."

आईने त्याला उभा धुतला. मेल्या, दूध कधी वाळूतून गाळतात? फडक्यातून गाळावं. धाकू बरं म्हणाला. सकाळी त्याने आईचं जुनं लुगडं चौपदरी करून समुद्रातल्या पायपाला करकचून बांधलं. पंप असा बोंबलला की शेजारचा कुत्रा दोन दिवस घरी आला नाही.

बाई म्हणाल्या, पायपाच्या तोंडावर काही ठेवायचं नाही, तोंड उघडं पाहिजे. धाकू बरं म्हणाला. आणि जाऊन गोड्या पाण्याच्या टाकीचं झाकण काढून ठेवलं. आम्ही जाऊन बघतो तर टाकीत दोन बगळे आंघोळ करताहेत आणि धाकू त्यांना जागा पुरते का ते बघतोय.

आता मी पुढे झालो. म्हटलं, बाईंना जमत नाही, मी समजावतो. "धाकू, पाणी असेल तिथे झाकण. वर दगड. कळलं?"

"कळलं काका."

इतकं साधं असतं ते, असं मी बाईंना म्हणालो. तेवढ्यात धाकूने खारं पाणी जिथून समुद्रात पडतं त्या पायपाला बूच मारून वर दगड ठेवला. यंत्राचा काटा चढला, चढला आणि एक सांधा सुटला. बाई बाजूलाच होत्या. वाळल्यावर त्यांच्या भुवयांवर मीठ दिसत होतं.

बाई चांगल्या घरच्या. हळू आवाजात म्हणाल्या, "धाकू, खारं पाणी कोंडायचं नाही. त्याला वाट करून द्यायची."

धाकू बरं म्हणाला.

इकडे आम्हा शहाण्यांचं निराळंच चाललं होतं. गोडं पाणी प्यायला लागलो आणि चावडीवर बसून नावं ठेवायला लागलो. विहिरीच्या पाण्याला कशी चव होती. हे म्हणजे आजाऱ्याची पेज. अळणी. सगळ्यात मोठा आवाज माझा. धाकू तिथेच बसलेला. त्याला म्हटलं, "लेका, तुझ्या पाण्यात मीठच नाही."

"नाही काका. ते दुसऱ्या पायपात आहे."

आम्ही हसलो.

साहेब आले त्या दिवशी बाई त्यांना आणायला बंदरावर गेल्या होत्या. धाकू एकटा. त्याने विचार केला. हा एवढाच त्याचा गुन्हा. खाऱ्या पाण्याला वाट द्यायचीय, गावाला मीठ हवंय. त्याने खारा पायप उचलला आणि टाकीत सोडला. समुद्राचे दोन भाग करणारं यंत्र लाखो खर्चून आणलं होतं, धाकूने ते परत जोडले.

साहेब आले. मागून बुरुमवाडीचे सरपंच आले, यंत्र आपल्याला मिळतं का ते बघायला. साहेबांनी घोट घेतला आणि थुंकला. बाईंचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी पेला माझ्याकडे दिला.

मी प्यायलो. घशाला आग लागली. पण समोर बुरुमवाडीचा सरपंच, मागे बायका, आणि पाणी वाईट म्हटलं की यंत्र जाणार. मी घोट गिळला.

"फक्कड आहे," मी म्हणालो.

पेला फिरला. पोस्टमन फक्कड म्हणाला, गुरव फक्कड म्हणाला. हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खुशीचं आहे असं त्यांनी सांगितलं.

"हे पाणी चालतं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"चालतं काय? असंच लागतं साहेब. याच्यात थेंबाचा फरक करू नका."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं, धाकूकडे पाहिलं, मग मान हलवली. गावाचं म्हणणं त्यांनी अक्षरशः मानलं. पापुद्र्यांची नळकांडी सोडवून होडीत चढवली आणि बुरुमवाडीला दिली. चालवायला माणूस लागतो म्हणून धाकूलाही नेला. सांगितलेलं ऐकतो, म्हणाले.

आम्हाला पंप ठेवला. थेट समुद्रातून. दिवसरात्र पाणी आहे, तक्रारीला जागा नाही. काल माझ्याच नळातून हंड्यात एक बोईट मासा पडला. चांगला वीतभर, जिवंत. बायकोने तो शिजवला, आणि पाणी आणायला वल्हं माझ्या हातात दिलं.