दोन नळ्यांतले पांढरे धागे

फळांना वाचा होती आणि तोंड आवरत नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. काळे डाग पडले म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादातून वगळलेलं एक केळं शाळेच्या प्रयोगशाळेत आलं. इथेही आपल्याला टाकूनच देतील, या धास्तीने ते अंग चोरून बसलं.

शेजारची स्ट्रॉबेरी नाक मुरडून म्हणाली, "ए डागाळ्या, सरक तिकडे! आज बाई आपल्या पोटातला डीएनए काढणार आहेत. माझा निघेल लालचुटूक, रेशमासारखा. तुझा काय, नुसता चिखल!"

"असेल बाई," केळं पुटपुटलं.

बाईंनी दोघांना वेगवेगळं कुस्करलं, मीठ आणि साबणाचं पाणी घालून गाळलं आणि वरून गार स्पिरिट सोडलं. स्ट्रॉबेरीचा लाल रंग तळाशीच राहिला. दोन्ही नळ्यांत देवाच्या कापसाच्या वस्त्रासारखे पांढरेशुभ्र धागे वर आले. मुलींनी ते काड्यांवर गुंडाळून शेजारी शेजारी ठेवले.

"अगं, यातली स्ट्रॉबेरी कुठली?" एकीने विचारलं.

"मी! मी स्ट्रॉबेरी!" एक धागा कळवळून ओरडला.

केळ्याची धास्ती कुठल्या कुठे पळाली. त्याचा धागा लाडेलाडे म्हणाला, "छे गं, स्ट्रॉबेरी तर मी!"