लाटांचं दुपटं

“माझ्या हातात काय खोट आहे, बाबा? तेवढं सांगा.”

त्र्यंबक टेलरने पिशवीतलं दुपटं लतीफबाबांच्या पुढ्यात टाकलं. गावाबाहेरच्या तकियात, आपल्या मठीवजा झोपडीत, हा म्हातारा फकीर चिंध्यांच्या गोधड्या शिवायचा. त्या गोधड्यांतल्या कापडाच्या पट्ट्या लाटांसारख्या वळत जायच्या.

त्र्यंबकची शिलाई म्हणजे फूटपट्टीने मारलेली रेघ. तालुक्यात तसा दुसरा टेलर नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

त्याच्या लेकीने, उज्ज्वलाने, स्वतःच्या मर्जीने लग्न केलं आणि याने बोलणं टाकलं. तीन वर्षं झाली. आता तिच्या मुलाचं बारसं दोन दिवसांवर आलं होतं. निरोप आला तशी त्याला राहवेना. तिला बाबांच्या गोधड्या लहानपणापासून आवडायच्या, म्हणून तसंच दुपटं शिवायला घेतलं, तर ते मेलं सपाट पसरेना.

बाबांनी ते उचललं. मधोमध हा एवढा फुगा. त्यांनी तो शांतपणे त्र्यंबकच्या डोक्यावर ठेवला.

“टोपी झकास झालीय.”

त्र्यंबकचे कान तापले.

“कडा कशा कापल्यास?”

“दोन-दोन पट्ट्या, सुलट्या बाजू तोंडाला तोंड लावून, एकदम. केसाचा फरक नाही.”

“म्हणूनच. उलगडल्यावर फुगवट्यासमोर फुगवटाच आला.”

बाबांनी दोन नव्या पट्ट्या घेतल्या. दोन्हींची सुलटी बाजू वर ठेवून एकीची कड दुसरीवर चढवली आणि कात्रीचं एकच हलकं वळण दोन्हींतून काढलं. कातरण बाजूला सारलं. शेजारी शेजारी ठेवल्यावर पट्ट्या एकमेकींच्या कुशीत बसल्या.

“शिव.”

शिवायला म्हणून त्र्यंबकने एक पट्टी दुसरीवर उलटी टाकली, तर एक कड इकडे पळाली, दुसरी तिकडे.

“या तर एकमेकींकडे पाठ फिरवतायत! कापून सारख्या करू?”

“नको.”

“मग टाका कुठे घालू?”

“आत्ता जुळतंय तिथे.”

“आणि पुढे?”

“पुढचं पुढे गेल्यावर.”

त्याने टाचण्या मागितल्या. मिळाल्या नाहीत. मग दोन बोटं कड जुळवायची, टाके घालायचे, पुन्हा दोन बोटं. कापड ओढायला गेला की बाबा मनगटावर टिचकी मारायचे. तिसऱ्या पट्टीपासून टिचक्या थांबल्या.

ऊन कलायच्या सुमारास पाच पट्ट्या जोडून झाल्या. अस्तर काय, घरी लागलंच असतं. त्याने दुपटं जमिनीवर अंथरलं. कुठे फुगा नाही, ताण नाही. त्र्यंबकला फार आनंद झाला. तो मोठ्याने हसला.

आणि मग त्याला ती दिसली. कडेला, एक बारीकशी चुणी.

“थांबा, उसवतो.”

बाबांनी दुपट्याची घडी घातली.

“अहो, त्र्यंबक टेलरच्या शिलाईत चुणी! लेक काय म्हणेल?”

बाबांनी घडी त्याच्या हातात ठेवली.

“काहीतरी म्हणेल ना... तीन वर्षांनी.”