लांबट भोकं

एकदा एका वृद्ध मिस्त्रींच्या कारखान्यात दोन खुर्च्या शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीने विश्रामची झोप उडवली होती.

शहरातल्या एका व्यापाऱ्याला जेवणाच्या टेबलासाठी नव्या धर्तीच्या खुर्च्या हव्या होत्या. खाली काळ्या लोखंडाची सडपातळ चौकट, वर सागवानी बैठक. मिस्त्रींनी, म्हणजे नानांनी, आपल्या दोन्ही शिष्यांना एकेक नमुना करायला सांगितला. ज्याचा पसंत पडेल, त्याच्या हाती सगळं काम. विश्राम बारा वर्षांचा जुना. रेवतीला येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. पण येणारा-जाणारा थांबे तो तिच्याच खुर्चीपाशी. विश्रामच्या पोटात दुखे. मत्सराला औषध नाही म्हणतात. हा तर पथ्यही पाळत नव्हता.

एका दुपारी कोणी नाहीसं पाहून त्याने तिची खुर्ची उलटी केली आणि त्याचा चेहरा खुलला. बैठक धरणारे स्क्रू चौकटीतल्या ज्या भोकांतून गेले होते, ती गोल नव्हती, लांबट होती. स्क्रूही जरा सैलच. खुर्ची तशीच उचलून तो नानांपुढे उभा राहिला.

“पाहिलंत नाना? साधं भोक पाडता येत नाही, आणि लोक हिला डोक्यावर घेऊन नाचतायत!”

“तुझी भोकं?”

“गोल. स्क्रू असे आवळलेत, हत्ती बसला तरी हलायचे नाहीत.”

नानांनी दोन्ही खुर्च्या अंगणात, आश्विनाच्या रणरणत्या उन्हात नेऊन ठेवल्या. पॉलिश केलेल्या खुर्च्या! म्हाताऱ्याला झालंय तरी काय, ते विश्रामला कळेना.

आठव्या दिवशी दुपारी ‘ताड’ असा आवाज झाला. विश्राम धावत गेला. त्याच्याच खुर्चीची बैठक मधोमध चिरली होती. रेवतीची जशीच्या तशी होती.

नाना शांतपणे म्हणाले, “पावसाळ्यातलं लाकूड उन्हात आकसतं, लोखंड आकसत नाही. लांबट भोकात स्क्रूला सरकायला वाव असतो, म्हणून तिची बैठक वाचली. लाकूड हलतं, हे तिला शिकवलं कोणी? तूच. तिच्या पहिल्या पावसाळ्यात इथलं दार फुगलं तेव्हा. मी ऐकत होतो. पण तू खुर्ची उलटी केलीस ती दोष हुडकायला. ‘असं का?’ हा प्रश्न तुला पडलाच नाही. मन इतकं आवळलंस, की दुसऱ्याच्या गुणाला त्यात तिळभर जागा उरली नाही. अशानं मनही चिरतं, बाळा.”

विश्रामची मान खाली गेली. स्वतःचेच शब्द त्याला परक्या हातात ओळखू आले नव्हते, याची त्याला लाज वाटली.

ठरल्या दिवशी व्यापारी आला. वाकून चौकट न्याहाळताना त्याच्या कपाळाला आठी पडली. “ही भोकं अशी ओबडधोबड का?”

रेवती तोंड उघडणार, तोच विश्राम पुढे झाला. “ओबडधोबड नाहीत, शेठ. लाकडाला हलायला जागा ठेवलीय. काम हिच्याच हाती द्या, आणि निर्धास्त बसा.”

काम रेवतीला मिळालं. चौकटी तिने आखल्या. भोकं मात्र विश्रामने मागून घेतली आणि एकेक करून सगळी लांबट पाडली.